जेद्दा किती लांब?

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर साधारण ३,५०० किलोमीटर. थेट विमानाला पाच-साडेपाच तास लागतात. धाराशिव ते मुंबई रस्त्याने चारशेच्या आसपास किलोमीटर, पण रात्रीच्या लातूर-मुंबई एक्स्प्रेसने आठ-नऊ तास जातात. म्हणजे समुद्र ओलांडण्यापेक्षा मुंबई गाठायलाच आम्हाला जास्त वेळ लागतो. शहराजवळ धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही.

दादीच्या काळी हाजी लोक येडशीहून बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी धरून कुर्डुवाडीला जात, तिथून मुंबई. पुढे जहाजाचे बारा-पंधरा दिवस. ही हज जहाजं १९९५ पर्यंत चालली. निघताना माणूस कर्ज फेडायचा, दारोदार जाऊन ‘कहासुना माफ करा’ म्हणायचा. परत येईलच याची खात्री नसायची, आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत असायचं.

विमानाने ही जाणीव पुसून टाकली. माझा धाकटा भाऊ एसी दुरुस्तीच्या कामाला जेद्दाला गेला, तेव्हा अब्बा सगळ्यांना सांगायचे, “पाच तासांवर तर आहे पोरगा.”

अब्बा गेले ते फजरच्या वेळी. भावाला फोन लावला. तिकडे घड्याळ अडीच तास मागे, तो झोपेत होता. मग घरात हिशेब सुरू झाला. तेव्हा मालकाच्या संमतीशिवाय सौदीतून बाहेर पडता येत नसे. खासगी नोकरीतल्या बऱ्याच कामगारांसाठी हा नियम २०२१ च्या मार्चपासून सैल झाला. आधी ती परवानगी, मग पासपोर्ट, मग विमानात जागा, मग पाच तास, मग मुंबईहून घर. सगळं बिनअडथळा जमलं तरी दीड दिवस. उन्हाळ्याचे दिवस होते. शिवाय दफनाला उशीर करू नये, असं दीन सांगतो. काही नातेवाईक म्हणाले, थांबू या, मुलगा आहे. अम्मीने फक्त विचारलं, “मय्यतीला किती वेळ ताटकळत ठेवायचं?” असरच्या नमाजनंतर आम्ही अब्बांना माती दिली.

भाऊ त्या दिवशी जेद्दाहून मक्केला गेला. ते अंतर ऐंशी किलोमीटर. अब्बांना हजची फार आस होती, जाणं झालं नाही. त्यांच्या नावाने त्याने उमरा केला. हरममध्ये जवळपास प्रत्येक फर्ज नमाजनंतर जनाजाची नमाज होते. अनोळखी माणसांच्या जनाज्यात तो उभा राहिला. बापाच्या जनाज्यात उभं राहणं त्याच्या नशिबात नव्हतं.

आमच्या जिल्ह्यातली कित्येक पोरं आज आखातात आहेत. कुणाच्याच घरी हा विषय निघत नाही, कारण तो अशुभ वाटतो. पण जुने हाजी निघण्याआधीच सगळं बोलून घेत. आपणही बोलावं. वेळ आली तर थांबायचं की नाही, हे आई-वडिलांनी स्वतः सांगून ठेवावं, म्हणजे तो निर्णय रडणाऱ्या माणसांवर येत नाही आणि परदेशातल्या मुलाच्या मनात ‘माझ्यासाठी थांबले नाहीत’ हा सल राहत नाही. आमच्या अम्मीने आता तिचं सांगून ठेवलंय: कुणासाठीही थांबू नका. भावाने ते फोनवर ऐकलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही.