नाल्याचा मध्य कुठे?

बंगळुरूत नाल्यापासूनचं अंतर काठापासून मोजत नाहीत, नाल्याच्या मध्यापासून मोजतात. ऐकायला किती किरकोळ! पण या मध्यापायी प्रस्तुत लेखकाची मागची कुंपणभिंत, धुण्याभांड्याची मोरी आणि स्वयंपाकघराचा दीड फूट असा सगळा ऐवज बेकायदा ठरला. ते अजूनही घशाखाली उतरलेलं नाही.

पूर्वपीठिका नेहमीचीच. पुण्यातून नोकरीसाठी येणं, भाड्याची घरं, मग कर्ज काढून शहराच्या पूर्वेकडे एक साइट घेणं (इथे प्लॉटला साइट म्हणतात). मंजूर नकाशा, शिक्के, बँकेच्या वकिलाचा दाखला, काही म्हणता काही कमी नव्हतं. लेआउटवाल्याने बागेसाठी म्हणून सोडलेल्या पट्टीपलीकडे नाला होता, आणि तो दाखवताना एजंट ‘ओपन व्ह्यू’ म्हणाला होता.

हे शहर मोठ्या नदीच्या काठी वसलेलं नाही. पठारावरचं पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरत जातं आणि ते नेणारे मोठे नाले म्हणजे राजकालुवे. मधली तळी बुजली, पाणी मात्र यायचं थांबलं नाही. मॅजेस्टिकचं बसस्थानक धर्मांबुधी तळ्यावर उभं आहे, कंठीरवा स्टेडियम संपंगी तळ्यावर. या नाल्यांभोवती मोकळी जागा, म्हणजे बफर, राखायची, म्हणून २०१५च्या सुधारित विकास आराखड्यात अंतरं ठरली: मुख्य नाल्याला मध्यापासून ५० मीटर, दुय्यम नाल्याला २५, तृतीय श्रेणीच्या नाल्याला १५ आणि तळ्याला काठापासून ३०. मे २०१६मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती वाढवली. तळ्याला ७५, नाल्यांना ५०, ३५ आणि २५, आणि तीही काठापासून. लेखकाच्या घरामागचा नाला दुय्यम; म्हणजे अर्धं घर गेलंच! मार्च २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याने मंजूर झालेला आराखडा लवादाला असा बदलता येत नाही, असं सांगून ती वाढ रद्द केली. त्या दिवशी लेआउटमध्ये पेढे वाटले गेले. एक पेढा लेखकानेही खाल्ला, आणि तो गोड लागला.

मग ४ सप्टेंबर २०२२ची रात्र आली. शहरात १३० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि पूर्वेकडच्या वसाहतींत शिरलेलं पाणी दिवसेंदिवस उतरेना. आयटीतले लोक ट्रॅक्टरवर उभे राहून ऑफिसला गेले, ते फोटो देशभर फिरले. त्या फोटोंत लेखक नाही, ट्रॅक्टरवर मात्र होता. घरात मांडीइतकं पाणी, त्यात तांदळाचा डबा तरंगतोय. “अहो, आंबील ओढ्याच्या वेळी दादाकडे हेच बघितलं होतं ना आपण?” बायको म्हणाली. तिचं माहेर पुण्यात सहकारनगरचं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूने आलेल्या लोंढ्याने अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पाडून माणसं नेली. तिथेही काठाला, काही ठिकाणी तर पात्रातच, बांधकामं होती.

पाणी ओसरलं आणि आठवड्याभरात जेसीबी फिरू लागले. आमच्याकडे आधी सर्व्हेअर आला. सभ्य माणूस, चहाही घेतला. त्याच्या मदतनिसाने नाल्यात उतरून गाळात काठी रोवली, तिथून टेप ओढत पट्टी ओलांडली, भिंतीवरून टेप आत घेतली. २५ मीटरचा आकडा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आला. भिंतीवर लाल रंगाची फुली पडली. “सॉरी सर, रूल इज रूल.”

आता खरी गंमत. ती काठी कुठे रोवली? आज दिसणाऱ्या नाल्याच्या बरोब्बर मधोमध. पण आज दिसणारा नाला हा गाव नकाशातला नाला नाहीच. पलीकडच्या काठावर एक मोठं संकुल आहे. त्याची काँक्रीटची भिंत थेट पात्रात उतरली आहे आणि तिने नाल्याची चारेक मीटर रुंदी गिळली आहे. नाला एका बाजूने चार मीटर आत आला की त्याचा मध्य दोन मीटर दुसऱ्या बाजूला सरकतो, हे सातवीतल्या पोरालाही कळेल. आणि लेखकाचं जे काही बफरमध्ये सापडलं, ते सगळं त्या दोन मीटरच्या आतलं. म्हणजे अतिक्रमण त्यांनी करायचं, त्याने मध्य सरकणार, आणि सरकलेल्या मध्यापासून मोजून आमची मोरी पाडायची! काठापासून मोजलं असतं तर निदान पलीकडच्यांच्या चोरीने आमचा काठ हलला नसता. हे सर्व्हेअरला कागदावर आकृती काढून दाखवलं. त्याने आकृती नीट पाहिली, मान डोलावली आणि फुली तशीच ठेवली.

तेव्हा साइट घेणाऱ्यांनी ब्रोशर बाजूला ठेवून आधी जुना गाव नकाशा काढावा, त्यातला नाला आजच्या जागेवर स्वखर्चाने मोजून घ्यावा, आणि व्यवहार पावसाळ्यात करावा. बँकेचा वकील मालकी बघतो. पाणी कुठून जातं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

लवादाचे ३५ मीटर टिकले असते तर? पुराच्या खुणा पाहता तेच बरोबर होते, असं लेखकाला आता वाटतं. २५ मीटर पाण्याला पुरत नाहीत, हे त्याने मांडीपर्यंत अनुभवलं आहे. पण मोरी पाडायला त्याची तयारी नाही. बायको म्हणते, “आपली पाडू हो, आधी त्यांची पाडा म्हणावं.” यावर घरात अजून वाद चालतो.

गाव नकाशाप्रमाणे दोन्ही काठ मोजा, असा अर्ज केला, फी भरली. बऱ्याच महिन्यांनी मोजणीला दुसरा सर्व्हेअर आला आणि पुन्हा ह्याच काठावर टेप लावून निघाला. पलीकडचं का नाही मोजत, विचारलं तर म्हणाला, तिकडे गेटवर पास लागतो.