आरंभीची शिल्लक

आमच्याकडे संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आधी आटोपतं. ओटा आवरला की मी आणि सासूबाई टीव्हीसमोर. त्यांचं वय ८७. हिंदी निम्मं कळतं, पण सीआयडी पूर्ण कळतं! जानेवारी १९९८ मध्ये ही मालिका सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली. त्या वीस वर्षांत मुलांच्या बारावीच्या परीक्षा झाल्या, लग्नं झाली, नातवंडं आली. बोटं फिरवत गडबड हुंगणारे एसीपी प्रद्युम्न, लाथेनं दार तोडणारा दया, डोकेबाज अभिजीत आणि हसवणारा फ्रेडी ही सगळी आम्हाला घरचीच माणसं वाटायची. त्यातून शिवाजी साटम आपले मराठी, आणि अभिनयात येण्याआधी बँकेत नोकरी केलेले, म्हणून माझ्यासारख्या बी. कॉम. बाईला जरा जास्तच जवळचे.

डिसेंबर २०२४ मध्ये मालिका पुन्हा सुरू होणार कळलं तेव्हा आनंद झाला, पण जाहिरात पाहून मनात शंका आली. अभिजीत चक्क दयावर गोळी झाडतो! वहीखात्याचा साधा नियम आहे, मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक तीच नव्या वर्षाची आरंभीची शिल्लक. वीस वर्षं जमवलेली ही मैत्री नव्या वहीत ओढलीच नाही की काय? तरी म्हटलं, पुढे काहीतरी उलगडा करतील. बघत राहिलो.

खरा धक्का एप्रिल २०२५ मध्ये बसला. बॉम्बस्फोटात एसीपी प्रद्युम्न गेल्याचं दाखवलं. तेवढं ठीक, गोष्ट आहे. पण वाहिनीनं चक्क श्रद्धांजलीचं चित्र टाकलं, त्यावर १९९८ ते २०२५ असे आकडे. नातवानं ते मोबाईलवर दाखवलं. सासूबाईंनी चष्मा पुसून फोटो पाहिला आणि विचारलं, "साटम गेले का गं?"

"नाही हो आई, ते चांगले आहेत. मालिकेतले गेले."

पण फोटोखाली आकडे असले की माणूस गेला, एवढंच त्यांना माहीत. सासऱ्यांच्या फोटोखाली तसेच आकडे आहेत. त्यांनी हात जोडले, नऊ वेळा णमोकार म्हटला. मी कितीही सांगितलं तरी दोन दिवस हळहळत होत्या.

मग काही आठवड्यांनी प्रद्युम्न साहेब जिवंत परतले! नातू टाळ्या वाजवत होता. सासूबाई आधी हसल्या, मग गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग त्या फ्रेडीचं पण खोटंच होतं म्हणायचं. तोही येईल बघ."

माझ्या हातातली गवार निवडायची राहिली. फ्रेडीचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये खरोखर गेले. तेव्हाही सासूबाईंनी असेच हात जोडले होते. आता त्यांच्या लेखी ते मरणही मालिकेतलं झालं. मी म्हटलं, "नाही आई, ते खरं आहे." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तू मागच्या वेळीही सांगत होतीस," एवढंच म्हणाल्या. मागच्या वेळी मी साटम जिवंत आहेत म्हणून सांगत होते, पण हा हिशोब त्यांना कसा पटवून द्यायचा?

गोष्टीत कुणाला मारावं, कुणाला परत आणावं, हा लिहिणाऱ्यांचा हक्क. रहस्यमालिकेत चकवा हवाच, नाहीतर आम्ही बघू कशाला? पण चकवा गोष्टीच्या आत असावा. श्रद्धांजली ही घराघरातली गोष्ट आहे. ती जाहिरातीला वापरली की खोटी नोंद एका पानावर होते आणि तिचा परिणाम साऱ्या वहीवर होतो. मग खऱ्या नोंदीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आम्ही मालिका बघणं सोडलेलं नाही. खोटं कशाला बोलू? सासूबाईंनी मात्र अजून आशा सोडलेली नाही. भाग सुरू झाला की आधी सगळे चेहरे नीट न्याहाळतात आणि विचारतात, "फ्रेडी आला का गं?"

मी दर वेळी खरं तेच सांगते.