जातील कुठे?

लेस्टर,
१४ डिसेंबर २०२५

ती. अण्णामामा,


तुमचं पत्र मिळालं. ‘मजूर पक्षाची वर्गणी बंद केलीस म्हणजे त्या रिफॉर्म पक्षाच्या फराजच्या हाती देश द्यायला निघालीस,’ असं लिहिलंत, ते लागलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी उत्तरही दिलं नसतं.

सत्तेबाहेर राहून गरिबाच्या पदरात काही पडत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तुमच्याच ओसरीवर ते ऐकत मी वाढले. १९७७ साली समाजवादी पक्ष जनता पक्षात विसर्जित झाला, जनसंघवाल्यांच्या शेजारी बसणं तुमच्या जिवावर आलं, तरी राजापूर मतदारसंघात तुम्ही मधु दंडवत्यांसाठी गावोगाव हिंडलात. ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर फोम आला. तडजोड झाली, पण तिच्यातून साध्या डब्यात रात्र काढणाऱ्याच्या पाठीला काही मिळालं. मी इथला हिशेब त्याच मापाने मांडते आहे.

स्टार्मर २०२० साली मजूर पक्षाचे नेते झाले ते आम्हा सभासदांच्या मतांवर. त्यांनी तेव्हा दहा वचनं दिली होती. रेल्वे, टपाल, वीज, पाणी सार्वजनिक मालकीचं करू, विद्यापीठाची फी रद्द करू, वरच्या पाच टक्क्यांचा आयकर वाढवू. मी त्यांना मत दिलं ते ती वाचूनच. पुढे एकेक वचन गळत गेलं. फीचं वचन २०२३ मध्ये सोडलं, आणि सत्ता आल्यावर फी उलट ९,२५० पौंडांवरून ९,५३५ वर गेली. काळ बदलतो, तिजोरी रिकामी निघते, हे कळतं मला. पण वचनं देऊन आमची मतं घेतली आणि नंतर तीच वचनं आठवणीत ठेवणारे लोक पक्षाला अडचणीचे वाटू लागले, हे मनातून जात नाही.

जुलै २०२४ मध्ये ४११ जागा आल्या. एवढं बहुमत असताना कुणाशी तडजोड करायची होती? तरी त्याच महिन्यात काय झालं पाहा. तिसऱ्या मुलापासून गरीब कुटुंबाची मदत तोडणारा नियम हुजूर पक्षाने २०१७ मध्ये आणला होता. तो काढा म्हणून मत देणाऱ्या आपल्याच सात खासदारांना पक्षाने संसदीय गटातून निलंबित केलं. आणि आठवडाभरात म्हाताऱ्यांचा हिवाळी इंधनभत्ता बंद करण्याची घोषणा झाली. सुमारे एक कोटी लोकांचा. जाहीरनाम्यात त्याचा शब्दही नव्हता.

आमच्या रस्त्यावर एक बाई राहतात, ब्याऐंशी वर्षांच्या. सारं आयुष्य मोज्यांच्या कारखान्यात गेलं. त्यांच्या घरी विजेचा आगाऊ पैसे भरायचा मीटर आहे. त्याची प्लॅस्टिकची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायची, दहा पौंड भरायचे, परत येऊन मीटरमध्ये खुपसायची. पैसे संपत आले की त्या एकाच खोलीत राहतात आणि बाकीच्या खोल्यांची दारं लावून घेतात. त्यांना ३०० पौंड भत्ता मिळायचा. तो चालू राहायला आठवड्याचं उत्पन्न २१८ पौंडांच्या आसपास किंवा खाली हवं होतं. यांचं जेमतेम वर. मी त्यांचा अर्ज भरायला बसले होते. सगळं जमवून पाहिलं, बसलं नाही. त्या म्हणाल्या, “मी जन्मभर यांनाच मत दिलं. मग पहिली मीच कशी सापडले?”

मामा, मला याचं उत्तर देता आलं नाही. मी बाईंच्या खिडकीत दर निवडणुकीला पक्षाचं लाल पोस्टर लावून देत होते.

आता तुमचा मुख्य मुद्दा, मतांचा. २०१७ मध्ये स्टार्मरांच्या आधीचे नेते कॉर्बिन हरले तेव्हा पक्षाला ४० टक्के मतं होती, सव्वा कोटीच्या वर. २०२४ मध्ये स्टार्मर जिंकले तेव्हा ३३.७ टक्के, एक कोटीसुद्धा नाहीत. हुजूर पक्ष कोसळला, त्याची मतं रिफॉर्मने खाल्ली, म्हणून जागा मिळाल्या. पक्षाच्या धुरिणांनी हिशेब असा धरला होता की कुंपणावरच्यांना खूश करायचं. डावे, गरीब वस्त्या, मुसलमान, विद्यार्थी जातील कुठे? आमच्या लेस्टर साउथमध्ये ते गेले. बावीस हजारांवर मताधिक्य असलेली जागा पक्षाने ९७९ मतांनी एका अपक्षाला गमावली. कारण होतं गाझा. गाझाचं पाणी आणि वीज तोडण्याचा हक्क इस्रायलला आहे का, असं ऑक्टोबर २०२३ मध्ये एका मुलाखतीत विचारलं, तेव्हा स्टार्मर हो म्हणाले. नंतर त्यांनी सारवासारव केली, पण पाण्याविषयीचं ते वाक्य आमच्या वस्तीत कुणी विसरलं नाही.

मग मे २०२५ मध्ये स्टार्मर यांचं स्थलांतरितांविषयीचं ‘अनोळखी लोकांचं बेट’ हे भाषण झालं. त्याचाही त्यांना दीड महिन्याने खेद वाटला. आमच्या इस्पितळातल्या वॉर्डात केरळच्या नर्सेस आहेत, रात्रपाळीत त्याच जास्त. कायम राहण्याच्या परवान्यासाठी बहुतेकांना पाचाऐवजी दहा वर्षं, आणि केअर होममध्ये राबणाऱ्यांना पंधरा, असा आता प्रस्ताव आहे. राष्ट्रकुलातले म्हणून आम्हाला इथे आल्यापासून मत देता येतं, आणि या मुलींनी पहिलंवहिलं मत मजूर पक्षाला दिलं होतं. त्यांना हे काय म्हणून समजावून सांगू?

काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. रेल्वे कंपन्या एकेक करून सरकारकडे येताहेत. विनाकारण भाडेकरूला घराबाहेर काढता येणार नाही, असा कायदा झाला. इंधनभत्ता बहुतेकांना परत मिळाला. अपंगांच्या भत्त्यावरची कात्री शंभराहून जास्त खासदार अडून बसले म्हणून थांबली. आणि मुलांचा तो नियम एप्रिलपासून जाणार, असं परवाच्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. ज्या मागणीसाठी सात जणांना बाहेर काढलं, तीच दीड वर्षाने मान्य. यावरून मी एवढंच घेते की गप्प राहून काही मिळालं नाही. जे मिळालं ते लोक अडून बसले, मतं गेली, तेव्हा मिळालं.

फराजची भीती मलाही आहे, तुमच्यापेक्षा जास्तच. माझी मुलं इथे शाळेत जातात. आमच्या शहराभोवतीच्या लेस्टरशायर काउंटी कौन्सिलमध्ये मे महिन्यात रिफॉर्म सर्वांत मोठा पक्ष झाला. पण स्थलांतरितांविषयी त्यांचीच भाषा मजूर पक्षाने उचलली, आणि त्याने रिफॉर्मचा एक मतदार फिरला असं मला दिसत नाही. उलट आमची माणसं ग्रीन पक्षाकडे, अपक्षांकडे चालली आहेत, नाहीतर घरी बसताहेत. घरी बसणाऱ्यांची मला जास्त काळजी. म्हणून वर्गणी बंद केली तरी युनियन सोडलेली नाही, आणि शनिवारी भाडेकरूंच्या बैठकीला जाते. पुढचं मत कुणाला द्यायचं ते ठरलेलं नाही. उमेदवार बघून देईन, पण यापुढे ते मागायला माझ्या दारात यावं लागेल.

एक विचारायचं आहे. १९७९ मध्ये जनसंघवाल्यांच्या दुहेरी सदस्यत्वावरून जनता पक्ष फुटला, त्यानंतरच्या निवडणुकीत तुम्ही प्रचाराला गेला नव्हता, असं आई सांगायची. तुम्ही स्वतः ते कधी बोलला नाहीत. तेव्हा घरी बसलात का, आणि परत केव्हा व कशाने उठलात? हे सविस्तर लिहा.

मामींना नमस्कार.

तुमची,
शैला