हंगामाची फोड

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तोवर ‘एल निनो’ (प्रशांत महासागराचं तापणं) हा शब्द मराठवाड्यातल्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत पोचला होता. २०१५चा एल निनो तगडा होता आणि देशात पाऊस सरासरीच्या ८६ टक्केच झाला, हे खरं. पण १९९७चा एल निनोही तसाच तगडा होता. त्या वर्षी १०२ टक्के पडला. असल्या कोड्यांवरच माझं पोट चालतं: हंगामाच्या वाऱ्यांत समुद्राने लादलेलं किती आणि हवेची स्वतःची लहर किती, याची फोड करायची.

ही लहर नांदेडच्या सोयाबीनवाल्याला शिकवावी लागत नाही. मृगात पेरलं, मग उघडीप, मग दुबार पेरणी. ढगांचे पट्टे दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकतात, हे डी. आर. सिक्का आणि मूळच्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी १९८० साली उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं. चार महिन्यांत असे पट्टे मावणार किती? एखादा हुकला, खंड लांबला, की अख्ख्या हंगामाची सरासरी घसरते. त्यात प्रशांत महासागराचा काही हात असेलच असं नाही.

मी चाळीसेक वर्षांचे, दीड किलोमीटर उंचीवरचे वारे घेतो आणि महिने सुटे ठेवतो. जून आणि ऑगस्ट वर्षानुवर्षं एकाच बाजूला झुकत असतील, तर मागे सावकाश बदलणारं काहीतरी आहे, बहुधा समुद्र. जून-जुलैच्या जोडीवर माझा कमी भरवसा; एकाचं हवामान दुसऱ्यात सांडलेलं असतं. एकाच वर्षातले महिने आपसांत किती वेगळे वागतात, त्यावरून लहरीचा आकडा निघतो. तो एकूण चढउतारातून वजा करायचा. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांच्या हिशेबात भारतीय मान्सूनच्या वर्षावर्षांतल्या फरकातला जवळपास निम्मा वाटा या लहरीचाच येतो.

“मग २०१५ कुणामुळे?” लातुरात हा प्रश्न हमखास येतो. ही फोड चाळीस वर्षांच्या चढउताराची असते, एका वर्षाचे दोन तुकडे तिने पडत नाहीत. आणि एकट्या जिल्ह्यापुरतं बघाल तर लहर आणखी वाढते.

तेव्हा एप्रिलमधल्या हंगामी अंदाजावरून फार तर पिकांचा विचार करा. पेरायचं कधी, ते हवामान विभाग दर गुरुवारी देतो तो चार आठवड्यांचा अंदाज आणि रानातली ओल बघून ठरवा.