युंगफ्राऊच्या पायथ्याशी

यंदाच्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब स्वित्झर्लंडला जाऊन आलो. हे वाक्य वाचून वाचकांनी पान उलटू नये. बर्फाची पांढरी दुलई, निळे आकाश आणि 'पृथ्वीवरचा स्वर्ग' यांतले काहीही मी लिहिणार नाही. संयम हे त्याचे कारण नव्हे. खरे कारण असे की, ज्या बर्फासाठी माणसे लाखांच्या घरात रुपये मोजतात, त्या बर्फापर्यंत मी पोचलोच नाही. आमचे कुटुंब वर गेले आणि मी पायथ्याशी एका बाकावर बसून राहिलो. त्या बाकावरची ही हकीकत आहे.

सहकुटुंब म्हणजे मी, सौ., बारावीत जाणारी कन्या, आठवीतले चिरंजीव आणि शहात्तर वर्षांची आई. माझी धाकटी बहीण बेबी गेली एकवीस वर्षे बाझेलला आहे. मेहुणे औषधांच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ आहेत. दोन वर्षांपूर्वी नाना गेले, तेव्हापासून बेबीचे एकच पालुपद होते, "दादा, आईला इकडे घेऊन ये." त्या देशात पाहुण्याला एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येते. म्हणून आम्हां चौघांची परतीची तिकिटे 2 जूनची काढली आणि आईचे ऑगस्टच्या मध्याचे.

येथे एक कबुली दिली पाहिजे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आई देवळात गेली असताना मी टेप घेऊन तिच्या खोलीचे माप काढले. आमची जागा अडीच खोल्यांची. कन्येचे बारावीचे वर्ष. तिचे टेबल मांडायला दुसरी जागा नव्हती. 'तीन महिन्यांपुरतेच' असे मी सौ.ला म्हणालो. मनात मात्र मी तीन महिन्यांवर थांबलो नव्हतो. आईला तिकडे करमले, तर पुढच्या वर्षी पुन्हा तीन महिने, मग आणखी काही सोय निघाली तर... माणूस मनात काय काय मोजतो, ते टेपवर उमटत नाही म्हणून बरे!

बाझेलला डोंगर नाहीत. गाव ऱ्हाईन नदीच्या काठी, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमांना खेटून वसले आहे. आईला गाव आवडले, पण आमच्या अपेक्षेहून निराळ्या कारणांसाठी. चौकाचौकांत कारंजी आहेत आणि त्यांचे पाणी पिता येते. आईने पहिल्याच दिवशी ओंजळ धरली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पाणपोई आहे हो ही." नदी ओलांडायला छोट्या नावा आहेत. त्यांना इंजिन नाही, वल्हे नाही. दोन्ही काठांना ताणून बांधलेल्या तारेला नाव अडकवलेली असते आणि प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. आई त्या नावेतून दिवसात चार वेळा गेली. सौ. प्रत्येक खेपेला भाड्याला शंभराने गुणीत होती.

सर्वांत नवल वाटले ते धुण्याचे. बेबीच्या इमारतीत तळघरात सर्वांचे मिळून एक धुण्याचे यंत्र आणि दारावर वेळापत्रक. बेबीचा वार गुरुवार. तो चुकला की पुढच्या गुरुवारपर्यंत कपडे तसेच. रविवारी यंत्र लावायचे नाही आणि रिकाम्या बाटल्याही टाकायच्या नाहीत, कारण शेजाऱ्यांना आवाज होतो. "आमच्या चाळीत नळाला असंच होतं," आई म्हणाली, "फक्त भांडणं होती, कागद नव्हता."

भाचा दहा वर्षांचा. घरात मराठी समजतो, पण उत्तर देतो ते तिकडच्या घशातल्या जर्मनमध्ये. आजी मराठीत गोष्ट सांगे, तो जर्मनमध्ये प्रश्न विचारी आणि आई न अडखळता उत्तर देई. ते उत्तर त्याच प्रश्नाचे असे की नाही, हे कोणी तपासले नाही.

28 मेच्या दुपारी दूरदर्शनच्या पडद्यावर आम्ही एक भयंकर दृश्य पाहिले. दक्षिणेकडच्या ल्योत्शेन खोऱ्यातील ब्लाटेन हे गाव, वरची हिमनदी आणि तिच्यावर साचलेला दगडांचा ढीग कोसळून, काही क्षणांत गाडले गेले. धूळ ओसरली तेव्हा गावाचा बहुतेक भाग नाहीसा झाला होता. पण गावात माणसे नव्हती. डोंगर हलू लागल्याचे तज्ज्ञांनी ओळखले होते आणि 19 मे रोजीच तीनशेच्या आसपास गावकऱ्यांना बाहेर काढले होते. गुरेही हलवली होती. एका जखमी गाईला तर हेलिकॉप्टरला टांगून नेले होते. तरीही गावाबाहेर असलेला एक माणूस त्यात गेलाच. मला माळीण आठवले. 30 जुलै 2014 ची ती सकाळ, दीडशेच्या वर माणसे. मग 2021 चे तळिये, 2023 ची इरशाळवाडी. आमच्याकडे डोंगर आधी येतो आणि हेलिकॉप्टर मागून.

आईने मात्र एकच प्रश्न विचारला. "त्या गावातल्या म्हाताऱ्या आता कुठं राहत असतील?"

"नातेवाईकांकडे असतील," बेबी म्हणाली.

"म्हणजे लेकाकडे नाहीतर लेकीकडे," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, येशूच्या स्वर्गारोहणाची सुटी होती. शुक्रवार जोडून घेऊन आम्ही डोंगराकडे निघालो. बेबीला कारखान्याच्या एका कामामुळे बाहेर गेलेल्या मेहुण्यांची वाट पाहायची होती. ती घरीच राहिली, पण भाच्याला आमच्याबरोबर पाठवले. गाडी टून गावानंतर सरोवराच्या काठाने धावू लागते. पाणी इतके हिरवे की चिरंजीवांना त्यात रंग मिसळला असल्याची शंका आली. इंटरलाकेनला गाडी बदलायची. या गावात 2016 पासून यश चोप्रांचा पुतळा उभा आहे. त्यांच्या चित्रपटांनी या डोंगरांकडे आपली माणसे वळवली, म्हणून तेथील लोकांनी दाखवलेली ही कृतज्ञता. आईने 'संगम' पाहिला तो 1964 साली, परकर-पोलक्यात. "तेव्हा वाटलं होतं, हे सगळं पडद्यावर रंगवलेलं असणार," ती म्हणाली.

पुढे लाउटरब्रुनेन. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि मध्ये सपाट हिरवी पट्टी. हिमनदीने एके काळी सुरीने लोणी कापावे तसे हे खोरे कोरून काढले आहे. खोऱ्यात लहानमोठे बहात्तर धबधबे मोजतात. येथून दातेरी रुळांची गाडी वर चढते. क्लायने शायडेक येथे ती बदलली की पुढची गाडी आयगर आणि म्योंख या दोन पर्वतांच्या पोटातून सुमारे सात किलोमीटरच्या बोगद्याने युंगफ्राऊयोखला नेते. ते स्थानक समुद्रसपाटीपासून 3454 मीटरवर आहे. काम 1896 मध्ये सुरू झाले आणि 1912 मध्ये संपले. ज्याने हे स्वप्न पाहिले तो आडोल्फ गुयेर-त्सेलर 1899 मध्येच वारला. बोगदा खणणारे बहुतेक मजूर इटलीतून आलेले होते आणि त्यांतले तीसजण तेथेच मेले. आपल्या बोरघाटातून 1863 मध्ये आगगाडी वर चढली, तेव्हा मेलेल्यांची मोजदाद हजारांत होती. डोंगर कुठलाही असो, गाडीची किंमत तिकिटावर पुरती छापलेली नसते.

आईला इतक्या उंचीवर नेऊ नये, असे पुण्यातल्या डॉक्टरांनी बजावले होते. तिच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. "मी थांबतो तिच्याजवळ," मी म्हणालो. माझ्या त्यागाने वातावरण क्षणभर गंभीर झाले. मग सौ.ने वाचलेले फ्रँक शंभराने गुणले आणि वातावरण प्रसन्न झाले.

गाडी गेली. आम्ही दोघे रस्त्याने हळूहळू चालत श्टाउबबाख धबधब्यासमोरच्या बाकावर बसलो. जवळजवळ तीनशे मीटर उंचीवरून हे पाणी सुटते, पण कड्याला न चिकटता वाऱ्यावर उडते आणि त्याचा भुगा होतो. नावाचा अर्थच 'धुळीचा ओढा'. जर्मन महाकवी गोएथे 1779 मध्ये येथे आला होता आणि या पाण्यावरून त्याला माणसाच्या आत्म्याविषयी कविता सुचली, ही माहिती मी आईला दिली. प्राध्यापकाला बाक मिळाला की वर्ग सुरू होतो.

"बरं," आई म्हणाली. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "आमच्या घरामागं असे सात-आठ पडायचे."

आईचे माहेर सावंतवाडीकडचे, घाटाच्या अगदी पायथ्याचे. मी तेथे लहानपणी उन्हाळ्यात गेलो आहे, पावसाळ्यात कधी नाही. "बघायला कोणी जात नसे. लाकडं ओली, गुरांचे खूर कुजायचे, महिनाभर कपडे वाळायचे नाहीत. पाऊस फार झाला की आबा रात्री झोपत नसत. ओसरीवर बसून ओढ्याचा आवाज ऐकत राहायचे."

"पाणी वाढतंय का ते बघायला?"

"वाढलं तर भीती नव्हती रे. आवाज एकाएकी कमी झाला तर भीती. म्हणजे वर कुठंतरी दरड येऊन पाणी अडलंय. एकदा तसा झाला. आबांनी आम्हा पोरांना उठवून भर पावसात देवळात नेलं. दरड आली ती शेजारच्या शेतात. घर राहिलं. पण आजी घरातच बसली होती. म्हणाली, मला कुठं नेता? आबांनी तिला पाठीवर घातली."

ब्लाटेनच्या वरच्या डोंगरावर यंत्रे डोळ्यांत तेल घालून बसली होती. आमच्या आबांनी ते काम कानांनी केले होते आणि पन्नास वर्षांत माझ्या ते कानांवर आले नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

आईने पदर सारखा केला. "तू माझी खोली मोजलीस ना?"

मी धबधब्याकडे पाहू लागलो.

"भिंतीवर पेन्सिलीची खूण राहिली होती," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते ऐकवेना. "तू मापं घेतलीस ती कपाटाच्या बाजूची. तिथं नको ठेवू टेबल. खिडकीच्या उजव्या हाताला ठेव. उजेड डावीकडून येईल. लिहिताना पोरीच्या हाताची सावली वहीवर पडायची नाही."

"आई, ते फक्त तीन महिन्यांपुरतं..."

"मी बेबीकडं राहते ती तुझ्या टेबलासाठी नाही," आई म्हणाली. "बेबी उभ्यानं जेवते. पाहिलंस का? मेहुणे पंधरा दिवस बाहेर, पोरगा पाव खाऊन खोलीत, आणि ही ओट्याशी उभी राहून बशीतलं खाते. एकवीस वर्षांत तिनं मला फोनवर हे सांगितलं नाही. तीन महिने तिला कोणीतरी बसवून वाढायला पाहिजे. तेवढं करते आणि गणपतीच्या आधी येते. टेबल राहू दे. माझी खाट मात्र हलवायची नाही."

मी 'बरं' म्हणालो. तेरा दिवस रोज बेबीच्या घरी जेवत होतो. ती उभ्याने जेवते हे मला दिसले नव्हते. मला कारंजी दिसली होती, नावा दिसल्या होत्या, टेबलाची जागाही दिसली होती.

संध्याकाळच्या गाडीने मंडळी उतरली. नाके लाल, आवाज चढलेले. चिरंजीवांचे डोके दुखत होते, तरी वरच्या भारतीय उपाहारगृहातल्या जेवणाचे वर्णन करण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली होती. कन्येने आलेच हिमनदीची छायाचित्रे दाखवली. आल्प्समधली ही सर्वांत लांब हिमनदी, सुमारे वीस किलोमीटरची, आणि दरवर्षी आक्रसत चाललेली. "बाबा, तुम्ही काहीच पाहिलं नाही," ती हळहळली. मी आईकडे पाहिले. ती भाच्याच्या बुटाची नाडी बांधत होती.

2 जूनला आम्ही परतलो. टेबल खिडकीच्या उजव्या हाताला मांडले. खाट हलवली नाही. खोलीत चालायला जागा उरली नाही, हेही खरे. ऑगस्टच्या मध्याला आई आली, ती विमानतळावरच म्हणाली, "बेबी आता बसून जेवते. रोज आपल्या साडेसातला मला फोन करून ताट दाखवणार आहे. तसं कबूल करून घेतलंय."

शेजारच्या काकूंनी विचारले, "युंगफ्राऊ पाहिलीत का हो?"

"खालून पाहिली," आई म्हणाली. "चांगली आहे."

बाझेलहून तिने चॉकलेटांखेरीज आणखी एक वस्तू आणली आहे. ती म्हणजे एक कागद. आमच्या फ्रीजच्या दारावर तो आता चिकटवलेला आहे. त्यावर धुण्याचे वार लिहिले आहेत. रविवारी यंत्र बंद. रात्री नऊनंतर मिक्सर लावायचा नाही, कारण आत नात अभ्यास करते. माझा वार मंगळवार आहे. बेचाळीस वर्षांपूर्वी ती मला पाढे म्हणायला लावी तशाच अक्षरात, माझ्या नावापुढे तिने खूण केली आहे, पेन्सिलीने.