दुसरा कोस



इंग्रजीत एक जुना वाक्प्रचार आहे, 'टू गो द सेकंड माइल', म्हणजे दुसरा मैल चालणे. सांगितल्यापेक्षा जास्त, तेही आनंदाने करणाऱ्याविषयी असे म्हणतात. हे शब्द आले डोंगरावरील प्रवचनातून (मत्तय 5:41). त्या काळी रोमी शिपाई वाटेवरच्या माणसाला धरून ओझे वाहायला लावीत. रोमी मैल म्हणजे हजार दुहेरी पावले, सुमारे दीड किलोमीटर.

आपल्या मराठी शास्त्रात इथे 'वेठीस धरणे' आणि 'कोस' असे शब्द आहेत. वेठ म्हणजे काय, हे आपल्या खकनारकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पुढे कुरेनेकर शिमोनाला वधस्तंभ वाहायला धरले (मत्तय 27:32), तिथेही मूळ ग्रीक क्रियापद हेच आहे.

मागच्या पावसाळ्यात मंडळीतल्या एका आजींना बऱ्हाणपूरला दवाखान्यात नेण्याची पाळी आम्हा सेवकांवर आली. आम्ही गेलो, पण कुरकुरत. त्यांना रांगेत बसवले, चिठ्ठी काढून दिली आणि आपापली बाजाराची कामे उरकून परतलो. आजी संध्याकाळी पावसात एकट्याच बसने घरी आल्या. रविवारी उपासनेनंतर म्हणाल्या, "बाबांनो, तुम्ही नेलंत म्हणून जमलं." आमच्या माना खाली गेल्या. आम्ही एकच कोस चाललो होतो, आणि तोही वेठ समजून.

पहिला कोस हुकमाचा असतो. दुसऱ्यावर कुणाचा हुकूम चालत नाही, म्हणून तो प्रीतीचा. पण हे वचन दुसऱ्याला राबवण्यासाठी नाही. आपल्या संविधानाच्या 23 व्या कलमाने बिगारीला मनाई केली आहे. दिवस मावळल्यावर मजुराला फुकट थांबवणाऱ्याने हे वचन पुढे करू नये. दुसरा कोस ज्याने त्याने स्वतःच्याच पायांनी चालायचा असतो.

आता आम्ही ठरवले आहे, जो नेईल त्यानेच घरापर्यंत आणून सोडायचे. पुढच्या तपासणीला आजींबरोबर दिवसभर थांबलो. परतताना त्यांनी पिशवीतली भाकरी सोडली आणि आम्हा सर्वांना वाटली.

हे प्रभू, आमच्या सेवेतली कुरकुर काढून टाक आणि दुसऱ्या कोसावर तूच आमच्याबरोबर चाल. आमेन.