हळू सरकणारी जमीन

केत्तूर, ता. करमाळा
१४ मे

उजनी धरणाचं पाणी मागं हटलंय. गाळपेरीच्या कडेला काळ्या रानाला भेगा पडल्यात; ज्वारीचं ताट सोडलं तर हातभर खाली जातं. वस्तीवरच्या एका घरात चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी फट वर चढलीय. घरच्या आजींना किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जाड दगडी भिंती आणि मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. ही फट मात्र भूकंपाची नाही. "पाऊस लागला की मिटती," असं आजीच सांगतात. बसाल्ट झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि पाया हलवते.

१६ मे

हा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आपला लाव्हा कधीच निवला; हवाई बेटावरचा किलाउआ ज्वालामुखी अजून जागा आहे. नोव्हेंबर २००० मध्ये त्याचा दक्षिण उतार सुमारे ३६ तास समुद्राकडे सरकत होता. हालचाल ५.७ तीव्रतेच्या भूकंपाएवढी, पण कुणाला धक्का जाणवला नाही. जीपीएस यंत्रांनीच ती टिपली. त्याच उतारावर २९ नोव्हेंबर १९७५ ला ७.७ तीव्रतेचा भूकंप होऊन समुद्राच्या लाटा उसळल्या होत्या. म्हणजे जमीन आज हळू सरकते म्हणून उद्याची हमी देत नाही.

३० जुलै

धरणात गढूळ पाणी येतंय. त्यात घोड नदीचंही पाणी आहे, डिंभ्याच्या बाजूचं. तिथलं माळीण गाव २०१४ साली याच दिवशी सकाळी डोंगराखाली गेलं. दीडशेवर माणसं गेली. डोंगर आपल्याच बसाल्टचा, वरची झिजलेली माती पावसानं जड झालेली.

आपल्या सपाट रानात दरड येणार नाही, पण भिंतीवर नजर हवी. फटीच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करा, शेजारी तारीख आणि रुंदी लिहा. पावसाळ्यातही ती वाढत राहिली, तर अभियंत्याला दाखवा. आणि ज्यांचे पाहुणे घाटात, डोंगराच्या कुशीत राहतात, त्यांनी आजच फोन करून सांगा: उताराला आडवी नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी आलं, तर पंचनाम्याची वाट पाहू नका. त्याच क्षणी घर सोडा.